कानाडोळा

चेंडू आधी ऐकायचा असतो,
बघायचा नंतर.
सेंटर फील्डवरून बॅट दिसते काडेपेटीतल्या काडीएवढी.
डोळ्यांना पटेस्तोवर चेंडू डोक्यावरून गेलेला असतो.
म्हणून कान.

'टॉक्' म्हणजे पाठ फिरव, कुंपणाकडे सूट.
'ठप्' म्हणजे पुढे ये, चेंडू मेलाय.
आणि एक तिसरा आवाज असतो,
ओलं लाकूड मनाविरुद्ध फुटावं तसा.
त्याला नाव नाही.
त्याच्यावर मी सतरा वर्षं पोट भरलं.

हे मला मैदानानं नाही शिकवलं.
कोलोनमध्ये वडील कालव्यावर होते, गातूनच्या लॉकवर.
रात्री जहाजांवरून भिरकावलेले दोर झेलायचे
छोट्या होडीत उभं राहून.
म्हणायचे, "दोर दिसायची वाट बघशील
तर गाठ कपाळात बसेल.
हातातून सुटतो तेव्हा तो बोलतो, ते ऐक."
घरी जेवताना ओरडूनच बोलायचे सगळ्यांशी.
आम्हाला वाटायचं, चिडलेत.

सतराव्या वर्षी सही केली.
आईनं त्या पैशातून शिलाई मशीन घेतलं
आणि उरलेले चर्चच्या छपराला दिले,
मला न विचारता.
मग आयोवा. एप्रिलमधल्या थंडीत
चेंडू बॅटीला लागला की झिणझिण्या थेट दाढेपर्यंत.
मिसेस हॉल्व्हरसननं तळघरातली खोली दिली,
आठवड्याला अठरा डॉलर,
आणि विचारलं, "तुमच्या गावात घड्याळं असतात का?"
मी म्हटलं, "असतात. जहाजं उशिरा येतात."

मग बस.
अमारिलो, एल पासो, श्रीव्हपोर्ट, परत अमारिलो.
इंजिन मागच्या सीटखाली, आणि मागची सीट नवख्यांची.
सहा वर्षं डावा कान पत्र्याला टेकवून झोपलो.
त्यानंच झालं, असं ट्रेनर म्हणाला.
डॉक्टर म्हणाला, रक्तातच असणार.
मी दोघांचंही ऐकलं,
अर्धं अर्धं.

मोठ्या लीगमध्ये एकशे बारा सामने.
आकडे आहेत तिथे असू देत.
त्यांत नाही तो ऑगस्टमधला मंगळवार,
सातवा डाव, रिकाम्या खुर्च्याच जास्त,
आणि चेंडू दिव्यांच्या झोतात विरघळला.
मी मान खाली घालून अकरा पावलं पळालो, मोजून.
हात वर केला.
चेंडू तिथे होता.
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, गुडिंगचं नशीब जोरावर.

पाय शेवटपर्यंत शाबूत होते.
उशीर व्हायचा फक्त अर्ध्या पावलाचा.
मी कानाडोळा केला,
बॅटवाल्याचे खांदे वाचायला लागलो, मनगटं, टाचा,
वाऱ्यावर हलणारं कॅचरच्या आईचं छत्रीचं टोकसुद्धा.
मॅनेजर म्हणाला, "एल्डन, वय झालं."
हो म्हटलं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा
म्हातारा म्हणवून घेणं बरं वाटलं.

त्याच वसंतात टॉबी केल्सो आला,
एकोणीस वर्षांचा, च्युइंगम चघळत.
कानामागून आला आणि तिखट झाला.
त्याला मीच उभं केलं माझ्या जागेवर.
टॉक् शिकवला. ठप् शिकवला.
तिसरा नाही शिकवला.
याचं मला कारण देता येत नाही.

आता कोलोनला असतो, वडिलांकडे.
ते नव्वदीचे, मी त्यांच्या मागोमाग.
व्हरांड्यात बसून दोघं बोंबलतो,
आज मासे कुठले, औषध घेतलं का.
शेजारची नवी भाडेकरीण समजावायला आली होती,
बापलेकांनी इतकं भांडू नये म्हणून.

संध्याकाळी लॉकच्या बाजूनं भोंगा होतो,
आम्हाला तो खुर्चीच्या पायांतून कळतो.
म्हातारा मान न वळवता उजवा हात वर करतो,
पंजा उघडा.
"केवढं आहे?" मी विचारतो.
"काय?"
"जहाज!"
"काय?"